भरतीरेषेवरचा कायोटी

कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयेसच्या किनाऱ्यावर कायोटी, म्हणजे लांडग्याचा लहानखुरा भाऊबंद, बघायचा असेल तर समुद्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं. नवख्या माणसाला हे जड जातं. समोर पॅसिफिक गर्जत असतो, ग्रेट बीचची सतरा-अठरा किलोमीटरची वाळू उत्तर-दक्षिण पसरलेली असते, आणि नजर राहून राहून लाटांकडे जाते. कायोटी मात्र येतो तो जमिनीकडून. वाळूच्या टेकड्यांवरच्या गवतातून आधी दोन कान वर येतात. मग बराच वेळ काहीच घडत नाही. तो वारा हुंगत असतो, किनारा मोकळा आहे का ते बघत असतो. इथे वारा बहुतेक वेळ समुद्रावरून जमिनीकडे वाहतो, म्हणजे आपला वास थेट त्याच्या नाकात जातो. म्हणून वारा पडलेला असतो त्या पहाटेच्या वेळी जावं, त्याच्या वाटेपासून बरंच लांब, एका अंगाला बसावं आणि हलू नये. त्याची खात्री पटली की तो उतरतो आणि भरतीरेषेच्या कडेनं चालू लागतो.

तो दिसला नाही तरी तो येऊन गेल्याचं वाळू सांगते. कुत्र्याचा ठसा पसरट असतो, नखं फाकलेली असतात, आणि मालकाबरोबर फिरायला आलेला कुत्रा इकडे धाव, तिकडे हुंग असा भरकटत जातो. कायोटीचा ठसा लांबट असतो. पुढची दोन नखं एकमेकांजवळ टेकलेली, आणि ठशांची रांग सरळ. ज्याला रोजचं अन्न स्वतः मिळवायचं आहे तो पावलं वाया घालवत नाही. पॉइंट रेयेसच्या बऱ्याच किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी आहे, त्यामुळे इथे ठसे वाचणं सोपं जातं.

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला तासा-दीड तासाच्या रस्त्यावर असलेलं हे द्वीपकल्प म्हणजे सॅन अँड्रियास भ्रंशरेषेपलीकडचा, मुख्य भूमीपासून वेगळा सरकत चाललेला जमिनीचा तुकडा. १९६२ साली अध्यक्ष केनेडींनी सही केली आणि हा किनारा राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखीव झाला. धुकं आणि वारा यांसाठी ही जागा पॅसिफिक किनाऱ्यावर कुप्रसिद्ध आहे. १८७० साली बांधलेलं दीपगृह कड्याच्या माथ्यावर न बांधता खाली उतरून बांधावं लागलं, कारण माथ्यावर दिवा धुक्यात बुडाला असता. बे एरियातली मराठी मंडळी पाहुण्यांना घेऊन येतात ती या दीपगृहासाठी आणि टुले एल्क या हरणांच्या कळपांसाठी. दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या कुरणात कायोटी उभा असतो आणि गाड्या त्याच्यासमोरून निघून जातात. पुष्कळांना तो कुणाचा तरी कुत्रा वाटतो.

कुत्र्यापेक्षा तो सडपातळ असतो. थंडीतल्या दाट केसांमुळे भरदार दिसतो, पण वजन साधारण १० ते १५ किलोच. पाय आणि कानांची मागची बाजू तांबूस, पाठीवर काळसर छटा, शेपटीचं टोक काळं. धावताना तो शेपूट खाली ठेवतो, हीसुद्धा एक खूण. डिसेंबर-जानेवारीत तो सर्वांत देखणा असतो. जूनमध्ये जुने केस गळत असतात, अंगावर झुबके लोंबत असतात आणि लोकांना वाटतं की बिचारा उपाशी आहे, आजारी आहे. कुणीतरी गाडीची काच खाली करून सँडविच टाकतं. त्या सँडविचचं पुढे काय होतं ते नंतर सांगते.

आधी प्रश्न असा की जमिनीवरचा हा प्राणी वाळूवर येतोच कशाला? उत्तर भरतीरेषेत आहे. भरतीनं आणून टाकलेल्या केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, ढिगांत खेकडे असतात, वादळानंतर मेलेले मरे नावाचे समुद्रपक्षी असतात, कधी सीलचं कलेवर असतं. समुद्र रोज दोनदा ताट वाढून जातो. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मायकेल रोज आणि गॅरी पोलिस या दोघांनी याचा माग काढला. त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. तिथे आत वाळवंट आहे, खायला फारसं काही नाही. किनाऱ्यावर मात्र कायोटींची दाटी आतल्या भागापेक्षा २.४ ते १३.७ पट निघाली आणि त्यांच्या खाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा समुद्रातून आलेला होता. ज्या जमिनीवर दोन कायोटी कसेबसे जगले असते तिथे समुद्राच्या जिवावर कितीतरी अधिक जगत होते. समुद्र जमिनीला कसा पोसतो हे पोलिस यांनी आयुष्यभर शिकवलं. २००० साली कॅलिफोर्नियाच्या आखातात होडी उलटून ते आणि त्यांचे काही सहकारी बुडाले.

हा निबंध वाचल्यानंतर किनारा मला वेगळा दिसू लागला. पूर्वी मी फोटोसाठी प्रकाश बघून जागा निवडायची. आता आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघते, मग आदल्या रात्री लाटा किती मोठ्या होत्या ते बघते. मोठ्या लाटांनंतरची पहाट, ओहोटी लागलेली, केल्प अजून ओली. कायोटी तिथे येण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त.

या वाळूवर एके काळी त्याच्याहून कितीतरी मोठे प्राणी जेवायला येत. १६०२ साली सेबास्तियान विझकाइनोची स्पॅनिश जहाजं मॉन्टेरेला लागली, तेव्हा किनाऱ्यावरच्या मेलेल्या देवमाशावर ताव मारणारी अस्वलं त्यांच्या लोकांनी पाहिली. ती ग्रिझली अस्वलं. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली अजून आहे, पण राज्यात गेली शंभर वर्षं एकही नाही. लांडगेही १९२० च्या दशकात संपले. जमिनीकडून येणारा मोठा शिकारी जवळपास उरला नाही, आणि सीलच्या कित्येक पिढ्यांनी मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर निर्धास्त पिल्लं वाढवली.

तो निर्धास्तपणा आता ओसरतो आहे. आणखी उत्तरेला, फोर्ट ब्रॅगजवळच्या मॅककेरिकर स्टेट पार्कमध्ये हार्बर सीलची पिल्लं मेलेली सापडू लागली, काहींना डोकंच नव्हतं. किनाऱ्यावर अडकलेल्या सागरी प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या नोयो सेंटर फॉर मरीन सायन्सच्या सेरा ग्राइम्स यांना हे खटकलं. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक फ्रँकी गेरॅटी यांनी तिथे स्वयंचलित कॅमेरे लावले. कॅमेऱ्यांनी दाखवलं ते स्पष्ट होतं: कायोटी केवळ मेलेलं खात नव्हता, तो जिवंत पिल्लं ओढून नेत होता.

त्या कॅमेऱ्यांची चित्रं फोटो म्हणून अगदी सामान्य आहेत. इन्फ्रारेडचा करडा रंग, चौकटीच्या कडेला अर्धवट कापलेला प्राणी, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. सोनेरी प्रकाशातल्या कायोटीचे हजारो सुरेख फोटो जगात आहेत, माझ्याकडेही थोडे आहेत. पण किनाऱ्याबद्दल नवं काही कळलं ते या करड्या चित्रांतून. फोटो कशासाठी काढायचा, याबद्दलचं माझं मत त्या चित्रांनी बदललं.

सीलची पिल्लं मारणारा कायोटी म्हणजे खलनायक, असं म्हणून मोकळं व्हावं असं एखाद्याला वाटेल. मला तसं वाटत नाही. हार्बर सीलची पिल्लं वसंतात जन्मतात, नेमकी त्याच सुमारास कायोटीच्या बिळातही पिल्लं असतात. नर-मादी जानेवारी-फेब्रुवारीत जमतात, सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिलच्या आसपास पिल्लं होतात, आणि दोघं मिळून ती वाढवतात. ही जोडी सहसा आयुष्यभराची असते. शिकागो परिसरात स्टॅन गेर्ट यांचा गट २००० सालापासून कायोटींवर काम करतो. तिथे २३६ कायोटींचे जनुकीय नमुने तपासले, तर जोडीबाहेरच्या पितृत्वाचा एकही पुरावा निघाला नाही. बिळाकडे घाईनं परतणारी मादी एकदा वाळूवर पाहिली की सीलच्या पिल्लाबद्दलची हळहळ जात नाही, पण कायोटीबद्दलचा रागही टिकत नाही.

मरिन काउंटीत, म्हणजे पॉइंट रेयेस ज्या काउंटीत आहे तिथे, विसाव्या शतकाच्या मधल्या बऱ्याच मोठ्या काळात कायोटी नव्हतेच. मेंढपाळांनी आणि सरकारी शिकाऱ्यांनी ते संपवले होते. सापळे होते, बंदुका होत्या, पण खरा संहार केला विषानं: आधी स्ट्रिक्निन, मग १०८० या क्रमांकानं ओळखलं जाणारं सोडियम फ्लुओरोअ‍ॅसिटेट. विष भरलेलं मांस माळावर टाकून ठेवायचं. ते कायोटी खायचा, तसेच गरुड, बॅजर आणि मेंढपाळाचा स्वतःचा कुत्राही खायचा. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर असं विष घालायला बंदी केली. त्यानंतरच्या वर्षांत कायोटी उत्तरेकडून हळूहळू मरिनमध्ये परतला.

मेंढपाळांचं नुकसान पुन्हा सुरू झालं, हे नाकारता येत नाही. सकाळी कुरणात कोकरू फाडलेलं सापडलं की त्या घरावर काय गुजरतं ते शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. पण मरिन काउंटीनं २००० सालानंतर एक वेगळी वाट धरली. केंद्राच्या शिकाऱ्यांबरोबरचा करार सोडला आणि तोच पैसा कुंपणांना, रात्रीच्या गोठ्यांना आणि ग्रेट पिरनीजसारख्या राखणदार कुत्र्यांना दिला. आजही अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्याकडून दर वर्षी ५० हजारांहून अधिक कायोटी मारले जातात. तरी संख्या घटत नाही. जोडी फुटली की मोकळ्या झालेल्या जागेत तरुण कायोटी शिरतात, आणि खाणारी तोंडं कमी झाली की पिल्लं जगण्याचं प्रमाण वाढतं. एकोणिसाव्या शतकात मुख्यतः पश्चिमेच्या माळरानांपुरता असलेला हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहरातही तो परत आला. २००२ च्या सुमारास गोल्डन गेटच्या दक्षिण टोकाला असलेल्या प्रेसिडिओत कायोटी दिसू लागला. जनुकीय तपासणीत त्याचं नातं खाडीपलीकडच्या, उत्तरेच्या कायोटींशी जुळलं. तो पूल ओलांडून आला असावा असं मानलं जातं. रात्री, रहदारी थांबल्यावर, समुद्रापासून साठ-सत्तर मीटर उंचीवरून. आज शहरात शंभरच्या आसपास कायोटी आहेत आणि लँड्स एंडच्या कड्यावर किंवा ओशन बीचच्या वाळूवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना त्यांचं नवल उरलेलं नाही. खाडीतल्या एंजल आयलंडवर तर पूल नाही. तिथे २०१७ साली पहिला कायोटी दिसला, तो खाडीच्या जोरदार प्रवाहातून पोहत गेला असणार. पुढे तिथे कायोटींचं कुटुंबच झालं.

माझे मामा आंजर्ल्याहून आले होते तेव्हा त्यांना मी लिमंतूरच्या किनाऱ्यावर नेलं. अपेक्षा न ठेवता गेलो होतो. वाळूच्या टेकडीवर एक कायोटी उभा राहिला, मामांनी डोळे बारीक केले.

“अगं, हा आपला कोल्हाच की!”

“कोल्हा नव्हे मामा, कायोटी. लांबचा भाऊ म्हणा. लांडग्याशी नातं जास्त जवळचं.”

“असेल. पण चाल बघ त्याची. पुळणीवर कोल्हा असाच चालतो. अंडी कोल्ह्यानं नेली की माणसानं, ते आम्ही खड्ड्याभोवतीच्या पावलांवरून सांगायचो.”

अंडी म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांची. थंडीत मादी रात्री पुळणीवर येते, खड्डा करून शंभरएक अंडी घालते आणि निघून जाते. मग त्या वासावर कोल्हे येतात, कुत्रे येतात, रानडुकरं येतात. पूर्वी माणसंही मोठ्या संख्येनं येत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं वेळासला काम सुरू केलं. गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरायची, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. हे काम नंतर आंजर्ल्यासह कोकणच्या अनेक गावांत पसरलं. या सगळ्यात कोल्ह्याला कुणी मारायला निघालं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कुंपण घातलं, पहारा केला, कोल्ह्यानं दुसरं काही शोधलं. तसा तो काकडीलाही राजी असतो. मरिनच्या मेंढपाळांनी जे केलं ते याहून फार वेगळं नाही.

संध्याकाळी परतताना टेकडीमागून ओरडा उठला. किंचाळ्या, भुंकणं, मध्येच लांब हेल. मामांना वाटलं दहा-बारा तरी असतील. दोनच असू शकतात. एकेक कायोटी इतक्या वेगानं आवाज बदलतो की दोघांची टोळी वाटते. मामांनी गाडीची काच खाली करून ती कोल्हेकुई संपेपर्यंत ऐकली. मग अर्धा रस्ता ते आंजर्ल्याच्या रात्रींबद्दल बोलत होते.

फोटोचं सांगायचं तर कायोटीला गाडीचं भय कमी आणि पायी चालणाऱ्या माणसाचं जास्त असतं. म्हणून कुरणातले बहुतेक चांगले फोटो रस्त्याकडेला नीट उभ्या केलेल्या गाडीतून निघतात. इंजिन बंद, काच खाली, काचेच्या कडेवर धान्य किंवा वाळू भरलेली पिशवी आणि तिच्यावर टेकवलेली लांब लेन्स. चारशे ते सहाशे मिलिमीटर तरी हवी. लांब लेन्स असली की जवळ जाण्याचा मोह आवरता येतो, माझ्या लेखी तिची खरी किंमत ती. राष्ट्रीय उद्यानांचा सर्वसाधारण नियम वन्यप्राण्यांपासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर दूर राहण्याचा आहे. कायोटीसाठी मी त्याहून बरीच लांब थांबते. त्यानं चालणं थांबवून माझ्याकडे टक लावली तर मी आधीच जास्त जवळ आलेली असते. कॅमेऱ्यात रोखून बघणाऱ्या कायोटीचा फोटो लोकांना आवडतो, पण त्या फोटोत त्याचं काम मोडलेलं असतं.

त्याचं काम बघण्यासारखं असतं. कुरणात तो व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरांवर आणि गोफर नावाच्या बीळ खोदणाऱ्या प्राण्यांवर जगतो. गवताखालची खसखस ऐकून तो थबकतो. दोन्ही कान पुढे येतात, डोकं किंचित तिरकं होतं, एक पाय हवेत राहतो. मग वजन मागच्या पायांवर जातं. हा क्षण ओळखता आला पाहिजे, कारण पुढच्या क्षणी तो कमान करून वर उडतो आणि नाक व पुढचे पाय एकदम खाली आणतो. नवशिक्यांच्या फोटोत हटकून डोकं कापलेलं असतं, कारण चौकट उभ्या प्राण्याला बेतलेली असते. तो थबकला की चौकटीत वर रिकामी जागा सोडावी आणि शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर न्यावं. तो बहुतेक वेळा चुकतो आणि पुन्हा चालू लागतो. चुकलेल्या उड्यांचे फोटोसुद्धा मी जपून ठेवते, त्याच्या दिवसात अशा उड्याच जास्त असतात.

वाळूवर गणित निराळं. तिथे लपायला काही नाही. वाळवलेल्या ओंडक्याशी टेकून, लेन्स जमिनीलगत ठेवून बसावं. प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मागे लाटांची पांढरी पट्टी येते आणि तो नेमका कुठल्या जगात उभा आहे ते कळतं. धुक्यात कॅमेरा फसतो, सगळं राखी करून ठेवतो, म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा लागतो. खारा तुषार लेन्सवर बसला की कोरड्या कापडानं पुसू नये, वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो. आधी हवेच्या फुग्यानं उडवावा, मग ओलसर कापड. ऊन चढलं की वाळूवरची हवा थरथरते आणि लांबचा प्राणी कितीही महागड्या लेन्समधून अस्पष्टच येतो. तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकून दुर्बीण काढावी. दुर्बिणीतून मी जेवढं शिकले तेवढं कॅमेऱ्यातून शिकले नाही.

इथल्या कायोटींत एक नवल आहे. कायोटीचे डोळे पिवळसर तपकिरी असतात. पॉइंट रेयेस आणि सांताक्रूझकडे मात्र मोजके कायोटी निळ्या डोळ्यांचे दिसले. डॅनियल डिट्रिच या छायाचित्रकारानं पॉइंट रेयेसला असा कायोटी टिपला, आणि २०१८ साली नॅशनल जिओग्राफिकनं त्यावर लिहिलं. एखाद्या पूर्वजात झालेल्या जनुकीय बदलाचा हा वारसा असावा असा अंदाज आहे. तो लेख आल्यावर निळ्या डोळ्यांचा शोध घेत लोक येऊ लागले. डोळ्यांचा रंग दिसायचा तर फार जवळ जावं लागतं, आणि ही जवळीकच घातक ठरते.

वन्यजीव छायाचित्रणात फसवणूक जुनी आहे. २००९ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ते काढून घेतलं गेलं, कारण तो लांडगा पाळीव, शिकवलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. अमेरिकेत पैसे देऊन पिंजऱ्यातल्या कायोटीचे ‘रानातले’ फोटो काढून देणाऱ्या जागा आहेत. त्याहून वाईट म्हणजे रानातल्या कायोटीला आमिष घालणं, सशाच्या किंकाळीचं ध्वनिमुद्रण वाजवून त्याला बोलावणं, किंवा बिळाची नेमकी जागा फोटोबरोबर जाहीर करणं. बिळाशी माणसं जमू लागली की जोडी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि ते हलवणं पिल्लांच्या जिवावर बेतू शकतं.

आणि ते सँडविच. वन्यप्राण्यांना खाऊ घालणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, तरी घडतं. एकदा खिडकीतून अन्न आलं की तो प्रत्येक गाडीकडे आशेनं बघतो, मग रस्त्यावरच उभा राहतो. एक तर गाडीखाली येतो, नाहीतर धीट होत होत माणसाच्या फार जवळ जातो. २०२४ च्या जूनअखेर सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला कायोटीनं चावा घेतला. जवळच त्याचं बीळ होतं, पिल्लांचा हंगाम होता. सरकारी शिकाऱ्यांनी तीन कायोटी मारले. डीएनए त्यातल्या एकाचाच जुळला. मुलगी सुखरूप राहिली हे सर्वांत महत्त्वाचं. पण उरलेले दोघं कशासाठी मेले, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. कायोटीला माणसाबद्दल जी भीती आहे ती त्याची संपत्ती आहे. आमिष घालणारा आणि लाडानं भरवणारा, दोघंही ती लुटतात. म्हणूनच प्रेसिडिओत पिल्लांच्या हंगामात काही वाटा कुत्र्यांसाठी बंद ठेवतात, आणि तिथले वन्यजीवतज्ज्ञ कायोटींना कानाला बिल्ले आणि गळ्यात पट्टे लावून त्यांच्यावर लक्ष ठेवतात.

सॅन फ्रान्सिस्कोत जॅनेट केसलर २००७ पासून कायोटींचे फोटो काढत आहेत. त्या प्राणिशास्त्राच्या पदवीधर नाहीत, बघून बघून शिकलेल्या आहेत. त्यांना एकेक कायोटी चेहऱ्यानं ओळखू येतो, कोण कुणाचं पिल्लू, कोण कुठल्या टेकडीवरून कुठे गेलं हे त्यांच्या फोटोंवरून सांगता येतं. एका दिवसाच्या नशिबानं मिळालेल्या अप्रतिम फोटोपेक्षा मला हा संग्रह मोठा वाटतो. त्यात कायोटी ‘एक कायोटी’ राहत नाही, अमक्या मादीची तिसऱ्या वर्षीची मुलगी होतो.

पॉइंट रेयेसला अशा नोंदींची आता विशेष गरज आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ इथल्या कुरणांत गुरं चरली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयीन वादातून तडजोड झाली आणि सागरकिनाऱ्यातल्या १४ पैकी १२ गुरांच्या वाड्यांनी भरपाई घेऊन सुमारे सव्वा वर्षात निघून जायचं कबूल केलं. वाड्यांवर राबणाऱ्या लॅटिनो कुटुंबांची घरंही त्याबरोबर जातात, आणि ती कुठे जाणार ही काळजी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात बोलली जाते. टुले एल्कना अडवणारं टोमालेस पॉइंटचं कुंपण त्याच्या थोडं आधीच काढायला घेतलं होतं. या जमिनीवरचे मूळचे लोक कोस्ट मिवोक. त्यांच्या कथांत जग घडवणारा कायोटीच आहे. त्यांचे वंशज, ग्रेटन रँचेरियाची जमात, या जागेच्या निर्णयांत आता सहभागी आहेत.

गुरांनी खुरटवलेल्या गवतात कायोटी उघडा दिसायचा. आमचे इतके फोटो निघाले त्याचं मोठं श्रेय त्या गुरांना आहे. चरणं थांबलं की गवत आणि झुडपं वाढतील, व्होल कदाचित वाढतील, आणि रस्त्यावरून कायोटी दिसणं कमी होईल. छायाचित्रकारांत यावर आताच कुरकूर आहे. मला त्याचं दुःख नाही. तो दिसेनासा झाला तर त्याला आडोसा मिळाला असेल. दीपगृहाच्या रस्त्यावर मी काही ठरावीक वळणं निवडली आहेत. दर ऋतूत तिथूनच, त्याच दिशेनं, त्याच उंचीवरून कुरणाचा फोटो काढते, चौकटीत कायोटी असो वा नसो, आणि फोटोबरोबर तारीख, वेळ, धुकं आणि भरतीची उंची लिहून ठेवते. मार्चमध्ये सीलच्या पिल्लांसाठी ड्रेक्स एस्टेरोची खाडी होड्यांना बंद होते, ती जून संपेपर्यंत. तेवढे महिने मी वाळूवर उतरत नाही. वरच्या कड्यावर तिपाई लावते. तिथून सीलची वसाहत आणि कायोटीची वाट दोन्ही एका नजरेत येतात, आणि खाली काय घडतं त्यात माझा हात नसतो.